कान कुठे घडतो

लोकगीतांविषयी बोलताना आपल्याकडे माती आणि रक्त हे दोन शब्द फार लवकर येतात. एखाद्याला गावाकडचं गाणं आवडलं की ते त्याच्या रक्तातच होतं म्हणायचं, मातीनं साद घातली म्हणायचं, आणि विषय संपवायचा. मला हे पटत नाही. नुसतं चुकीचं असतं तरी मी सोडून दिलं असतं. पण त्यातून दोन वाईट गोष्टी होतात. आवड रक्तातच असेल, तर पोरांच्या कानावर काय पडतं याची काळजी करायची कोणाला गरज उरत नाही. वेळ आली की ती आपोआप उगवेल म्हणून सगळे स्वस्थ बसतात. आणि ज्याचं रक्त त्या गावचं नाही, त्याला त्या गाण्यापाशी कायमचं पाहुण्यासारखं उभं राहावं लागतं.

रक्ताच्या हिशेबानं ज्यांच्यावर माझा काही हक्क नाही, अशा गाण्यांवर मी आयुष्यभर प्रेम केलं आहे. म्हणून हे लिहिते आहे. माझं म्हणणं असं की गावगाण्याची आवड कानातून येते, लहानपण संपत असताना आणि तरुणपण सुरू होताना येते, आणि त्या वयात कोणत्या जातीच्या आवाजावर विश्वास ठेवायचा हे आपल्या नकळत ठरून जातं. एकदा ते ठरलं की माणूस जगातल्या कुठल्याही खेड्याच्या गाण्यात शिरू शकतो.

कृष्णराजनगर हे म्हैसूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कावेरीच्या पुरानं जुन्या येडतोरेला जेरीस आणलं तेव्हा हे नवं गाव वसवलं गेलं आणि त्याला चौथ्या कृष्णराज वडियारांचं नाव मिळालं. अर्केश्वराचं देऊळ मात्र येडतोरेतच, नदीजवळ राहिलं. भोवती कालव्याच्या पाण्यावरची भातशेती. या तालुक्याला जिल्ह्याचं भाताचं कोठारच म्हणतात. थोडं पुढे चुंचनकट्टे, जिथे कावेरी खडकांवरून खाली उडी घेते आणि संक्रांतीच्या सुमारास गुरांची मोठी जत्रा भरते. इथे मी वाढले. घर भावसार क्षत्रियांचं. दक्षिण कर्नाटकातल्या गावांमधून विखुरलेला हा समाज मूळचा रंगाऱ्यांचा, पुढे शिंप्यांचा. घरात मराठी, दुकानात कन्नड, देव्हाऱ्यात हिंगुलांबिका आणि पांडुरंग. आजी संध्याकाळी नामदेवांचे अभंग म्हणायची. तिची मराठी पुण्याच्या माणसाला अर्धीच कळली असती, आणि चाल तर पूर्ण कन्नड वळणाची होती. तिनं पंढरपूर पाहिलं नव्हतं.

घराबाहेरचं गाणं वेगळं होतं. सुगी झाली की डोंगरावरच्या महादेश्वर या देवाचे गुड्ड यायचे. नवस बोलून, दीक्षा घेऊन महादेश्वराच्या सेवेला लागलेले हे लोक, हातात कंसाळे. कंसाळे म्हणजे काशाची जोडी: एक वाटीसारखं, तळहातात धरायचं, दुसरं सपाट, दोरीला बांधून फिरवायचं आणि अचूक त्या वाटीवर आणून आपटायचं. म्हैसूर, मंड्या, चामराजनगर या पट्ट्यात महादेश्वराची कथा त्यांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुख्य गायक कथा ओढत नेतो, साथीदार पद उचलून धरतात, आणि मध्येच तो गाणं सोडून बोलू लागतो; बोलणं कुठे संपलं आणि पुन्हा गाणं कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही.

त्या कथेत संकम्मेचा भाग आहे. तिचा नवरा नीलेगौडा मध काढायला जंगलात निघतो आणि जाण्याआधी तिनं आपल्या पातिव्रत्याची शपथ घ्यावी म्हणून हट्ट धरतो. ती घेत नाही. मी वाकडं पाऊल टाकलेलं नाही, मग हातावर हात मारून वचन कशासाठी द्यायचं, असा तिचा प्रश्न. तो तिचे हाल हाल करतो आणि ती तरीही शपथ घेत नाही. पुढे महादेश्वर येतो, तिला सोडवतो, तिला मुलं होतात, सगळं होतं. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या कानात राहतो तो तिचा नकार. गाणारा साठीचा पुरुष होता, आवाज फाटलेला, वरच्या सुरात चिरकणारा, आणि त्या आवाजात संकम्मा बोलते आहे यावर माझा पूर्ण विश्वास बसला. गोड गळ्यानं ते सांगितलं असतं तर बसला नसता, असं मला आजही वाटतं.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता गावगाण्याचं कौतुक करणं लबाडीचं ठरेल. कथा रात्रभर चालायची आणि मुलींना रात्री बाहेर बसायची परवानगी नव्हती. आम्ही ऐकलं ते भिंतीपलीकडून, खिडकीतून, तुकड्यातुकड्यांत. तंबुरी घेऊन संत मंटेस्वामींची कथा गाणारे नीलगार यायचे तेव्हा त्यांना तांदूळ मिळत, नमस्कार मिळे, पण अनेक घरांच्या ओसरीची पायरी त्यांना चढता येत नसे. गाणं आत येत होतं, गाणारा बाहेर उभा राहत होता. माती आणि रक्त यांच्याविषयी जे लोक भरभरून बोलतात त्यांनी ही पायरी लक्षात ठेवावी. एका मातीतल्या माणसांनीच ती बांधलेली होती.

बायकांचं गाणं मात्र कोणाला अडवता आलं नाही. शेजारच्या गौडांच्या घरी नाचणी दळताना म्हातारी बीसुव पदं म्हणायची, म्हणजे जात्यावरची गाणी, आणि आमच्या आजीला काही ओव्या येत होत्या. दोघी एकमेकींची गाणी पूर्ण समजत नव्हत्या, पण कुठे थांबायचं ते दोघींना कळत होतं. पुढे वाचनात आलं तेव्हा त्या थांबण्यामागचा इतिहास सापडला. कन्नड जात्यावरची गाणी बहुतेक त्रिपदीत असतात, आणि त्रिपदी फार जुनी: बदामीच्या कप्पे अरभट्टाच्या, साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या शिलालेखात ती कोरलेली आहे. मराठी ओवीचा जुना उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त येतो, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा. तो ग्रंथ कोणाचा? कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याचा, म्हणजे कन्नड मुलखातल्या राजाचा. मराठी बाईच्या मुसळाचा आवाज पहिल्यांदा टिपून ठेवणाऱ्यांत एक कन्नड दरबार होता, याचा मला फार आनंद वाटतो. मराठी आणि कन्नड यांच्यात रेषा ओढायला निघालेल्या प्रत्येकाला हा संदर्भ दाखवावासा वाटतो.

रेडिओ आमच्याकडे आला तेव्हा या सगळ्यात आणखी आवाज मिसळले. म्हैसूरला रेडिओचा अभिमान जरा जास्तच आहे आणि तो रास्त आहे: विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरातून प्रक्षेपण सुरू केलं आणि 'आकाशवाणी' हे नाव तिथून देशभर गेलं. पण देशाच्या कानावर काय पडावं हे नंतर दिल्लीत ठरू लागलं. १९५२ पासून बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती, कलावंतांसाठी त्यांनी खूप केलं, आणि सिनेमासंगीत त्यांनी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केलं. लोकांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. केसकरांचा हेतू मी वाईट म्हणत नाही. तरुणांचा कान घडवता येतो हे त्यांना कळलं होतं, आणि त्याबाबत ते आजच्या पुष्कळ लोकांपेक्षा शहाणे होते. चुकलं ते एवढंच की वर्ज्य करून कान घडवता येईल असं त्यांना वाटलं.

सिलोनवर इंग्रजी गाणीही लागत, आणि त्यात जिम रीव्ह्‌स असे. टेक्ससचा हा गायक १९६४ मध्ये विमान अपघातात गेला, पण भारतात आणि श्रीलंकेत त्याची लोकप्रियता त्यानंतरही कित्येक वर्षं ओसरली नाही. दक्षिणेतल्या किती घरांत, वसतिगृहांत, चर्चच्या मंडळांत त्याच्या कॅसेट होत्या हे त्या पिढीला सांगायला नको. म्हैसूरला कॉलेजात असताना मीही ऐकला. मखमली आवाज, स्वच्छ उच्चार, इंग्रजी शिकणाऱ्याला फार सोयीचा. मला तो आवडला, पण त्याच्यावर माझा विश्वास बसला नाही. शहरासाठी घासूनपुसून गुळगुळीत केलेलं ते गाणं होतं. अमेरिकेतल्या खेड्यांचं म्हणून एक संगीत आहे आणि त्याला कंट्री म्हणतात, एवढं मात्र त्याच्यामुळे कळलं.

खरी गाठ पडली ती पुष्कळ वर्षांनी, कार्टर कुटुंबाची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी तात्पुरता स्टुडिओ थाटला, आणि एकाच आठवड्यात तिथे कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स गाऊन गेले. कंट्री संगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक त्या आठवड्यापासून सुरुवात करतात. सारा कार्टरचा आवाज खालचा, सरळ, कसलीही लाडिक थरथर नसलेला. मरणाबद्दल गातानाही ती रडत नाही. घडलं ते सांगते. मी तो आवाज ओळखला. तिच्या डोंगराशी, तिच्या चर्चशी, तिच्या भाषेशी माझं काही नातं नव्हतं, पण गौडांकडची म्हातारी जात्यावर बसून मेलेल्या लेकीविषयी गायची ती याच आवाजात. श्रोत्याची दया मागायची नाही, सुरात नटायचं नाही, पुढची ओळ आली की ती म्हणायची.

कोणी म्हणेल, हे सगळं तरुणपणाच्या आठवणींचं प्रेम आहे. गाणं निमित्त, माणूस आपल्या गेलेल्या वयावर प्रेम करत असतो. या म्हणण्यात तथ्य आहे. हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली. सगळ्यात जास्त पसंती मिळाली ती ज्याच्या-त्याच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या आसपासच्या गाण्यांना. पण आठवणींच्या सिद्धान्तानं जिम रीव्ह्‌स सुटतो, सारा कार्टर सुटत नाही. ती माझ्या तरुणपणात नव्हतीच. आठवणींपुरतंच प्रेम असतं तर ते त्या गाण्यांपाशीच थांबलं असतं. ते पुढे, अनोळखी गाण्यांकडे गेलं, याचा अर्थ त्या वयात आठवणींखेरीज आणखी काहीतरी कानात बसलं होतं.

कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रमहान्सल यांनी एका सहकाऱ्याबरोबर केलेलं, २०१३ मध्ये आलेलं काम मला याहून मोलाचं वाटतं. विशीतल्या मुलांना त्यांनी अनेक दशकांची गाणी ऐकवली. मुलांचं मन त्यांच्या काळातल्या गाण्यांशी तर जुळलंच, पण त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांशीही जुळलं, आणि त्याही मागच्या, आजीआजोबांच्या सुमाराच्या गाण्यांशी थोडंफार जुळलं. घरात जे वाजत होतं ते त्यांच्याकडे आलं होतं. रक्तानं आलं म्हणणाऱ्यांना हा वारसा वाटेल. मला दिसतं की कोणीतरी स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवला होता.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण कुमार गंधर्वांचं. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेला, कन्नड घरातला, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेला हा माणूस क्षयानं आजारी पडून १९४८ मध्ये हवापालटासाठी माळव्यात देवासला गेला. वय चोविसाच्या आत. डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं. अंथरुणावर पडून जे कानावर येईल ते ऐकणं एवढंच हातात होतं, आणि कानावर येत होती माळव्याच्या बायकांची गाणी, फिरत्या जोग्यांची निर्गुणी भजनं. माळवी ही ना त्यांच्या घरची भाषा, ना शिक्षणाची. बरे होऊन ते गाऊ लागले तेव्हा त्या धुनांतून नवे राग आले, 'अनूपरागविलास' आला, माळव्याच्या लोकगीतांचे स्वतंत्र कार्यक्रम आले. कबीर त्यांनी ज्या मोकळ्या, फेकलेल्या आवाजात गायला तो आवाज मैफिलीतला नव्हता. एका कन्नड माणसाच्या गळ्यातून माळवा महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला, आणि कोणाही माळव्यातल्या माणसानं त्यांना तुमचं रक्त कुठलं असं विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ज्याला आपण एका मातीचं शुद्ध गाणं समजतो ते बहुतेक वेळा असं मिसळलेलंच असतं. अमेरिकी कंट्री संगीत गोऱ्या डोंगरी शेतकऱ्यांचं म्हणून विकलं गेलं. पण त्यातला बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांतून आलेला. कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर डोंगरात गाणी गोळा करत फिरले तेव्हा त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक होता. कार्टर शब्द उतरवून घेत आणि चाली रिडल लक्षात ठेवत. रेकॉर्ड कंपन्यांनी मात्र काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या तबकड्या वेगळ्या याद्यांत विकल्या. भिंत बाजारानं बांधली. आणि ती बांधली जात असताना तिकडे जिमी रॉजर्सच्या तबकड्या केनियात पोचल्या होत्या. १९५० मध्ये लोकसंगीताचे संग्राहक ह्यू ट्रेसी यांनी तिथल्या किप्सिगिस मुलींकडून 'चेमिरोचा' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या नावात जिमी रॉजर्स दडला आहे, आणि मुलींच्या कल्पनेत तो अर्धा माणूस, अर्धा काळवीट झालेला आहे. तबकडीतला कोणी परका गायक त्यांनी आपल्या वनात सोडून दिला. आजीनं नामदेवांना कन्नड चालीवर बसवलं, त्यात आणि यात मला काही फरक दिसत नाही.

एवढं सांगून झाल्यावर जात्याकडे परत यायला हवं, कारण तिथे प्रेम करणाऱ्याची परीक्षा होते. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांबरोबर काम करून ओव्या गोळा केल्या; तो संग्रह लाखाच्या पुढे गेला आणि आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. त्या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत, आणि पहाटे उठून दळण्याचा शीणही आहे. पिठाची गिरणी आली आणि ते गाणं संपलं. संपलं ते योग्यच झालं. एका गाण्यासाठी बाईनं रोज पहाटे दोन-दोन तास दगड फिरवावा असं म्हणणाऱ्याचं गाण्यावर प्रेम असेल, गाणाऱ्या बाईवर नाही. हळहळण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. जातं गेलं तेव्हा लेकीसुनांच्या कानाजवळ बसून कोणी गावं अशी जागाच घरात उरली नाही, आणि तिच्या जागी दुसरी जागा आपण केली नाही.

आता तालुक्याच्या गावांतून कंसाळे दिसतं ते बहुतेक मिरवणुकीत, दसऱ्यात, शाळेच्या संमेलनात, स्पर्धेत. एकसारखे पोशाख, पाच-सात मिनिटं, फेकलेल्या कंसाळ्यांची कसरत, टाळ्या. मुलं ते सुरेख करतात आणि त्यांनी ते करावं. पण त्यात कथा नसते. संकम्मा नसते. ज्या आवाजानं माझा कान घडला तो आवाज पाच मिनिटांत येऊच शकत नाही. तो तापायलाच तासभर लागतो.

शुद्धतावाद्यांची बाजूही मला घेता येत नाही. टी. एस. नागाभरण यांचा 'जनुमद जोडी' हा चित्रपट १९९६ मध्ये आला. कथा मुळात पन्नालाल पटेलांच्या 'मळेला जीव' या गुजराती कादंबरीवरची, म्हणजे गुजरातच्या खेड्यातली. आणि त्यात महादेश्वराच्या परंपरेतलं कोलुमंडे जंगमाचं गाणं घेतलं होतं, व्ही. मनोहर यांचं संगीत, एल. एन. शास्त्री यांचा आवाज. ज्यांनी कधी गुड्ड पाहिला नव्हता अशा बंगळूरच्या मुलांच्या तोंडी ते गाणं बसलं. जाणकारांनी नाकं मुरडली असतील. मला माहीत आहे की त्यातली काही मुलं पुढे मूळ कथा शोधत गेली, कारण अशी मुलं मला भेटली आहेत. महाराष्ट्रात 'लोकधारे'च्या निमित्तानं शाहीर साबळ्यांनी जे रंगमंचावर आणलं त्याचंही हेच झालं. पुष्कळांना गोंधळ आणि भारूड तिथे पहिल्यांदा भेटलं. सिनेमा, रंगमंच, मोबाईलवरची रीळ, कुठूनही पहिला सूर येऊ दे. प्रश्न त्यानंतर मुलाला जायला जागा आहे का, एवढाच आहे.

ती जागा करणं अवघड नाही. म्हैसूर जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात पदवीपूर्व कॉलेजं आहेत, सोळा-सतरा वर्षांची मुलं-मुली तिथे जमतात, म्हणजे नेमकं हवं तेच वय. वर्षातून एकदा गुड्डांना बोलवावं आणि संकम्मेची कथा पूर्ण ऐकवावी, संध्याकाळी सुरू करून संपेल तेव्हा संपू द्यावी, मुलींना शेवटपर्यंत बसू द्यावं. नीलगारांना बोलवावं आणि त्यांना मंचावर मधोमध बसवावं. भाषणं ठेवू नयेत. शिक्षकांनी अर्थ सांगायची घाई करू नये. आणि वार्षिक संमेलनाला ऑर्केस्ट्रावाल्यांना जी बिदागी दिली जाते तीच यांनाही द्यावी, वर तांदूळ-नारळ दिला म्हणून त्यातून एक रुपयाही कापू नये.